बाळंतिणीच्या उशाशी कोण?

महाराष्ट्राच्या आरोग्यखात्याला मिरवता यावेत असे काही आकडे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातील शंभरापैकी सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. दोन पिढ्यांपूर्वी अंधाऱ्या खोलीत, विळ्याने नाळ कापून जी बाळंतपणे होत, ती आता खाटेवर आणि दिव्याच्या उजेडात होतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु त्याच पाहणीने आणखीही काही सांगितले आहे. राज्यातील गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत आणि पाच वर्षांखालील मुलांत हेच प्रमाण ६८.९ टक्के आहे. म्हणजे बाई दवाखान्याच्या दारापर्यंत आली खरी, पण ती आली अंगात रक्त नसताना. आणि दाराच्या आत, ऐन मध्यरात्री, तिच्या उशाशी कोण उभे असते, हा प्रश्न तर कोणत्याही पाहणीच्या रकान्यात सापडत नाही.

हा प्रश्न सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना विचारला पाहिजे. कारण महाराष्ट्रात ज्यांनी गरिबीची सबब सांगू नये अशा जिल्ह्यांत यांची गणना होते. १९४९ पर्यंत हे दोन्ही मिळून मुख्यतः एकच मुलूख होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. याच मुलखात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने परक्या सत्तेला न जुमानता गावागावांत जनतेचा कारभार चालवून दाखवला. याच मुलखात कृष्णाकाठी सहकारी साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. मिरजेला तर लोक आरोग्यपंढरी म्हणतात. कर्नाटकातूनही रुग्ण तेथे उपचारासाठी येतात. मिरजेत १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे कराडला खासगी महाविद्यालय उभे राहिले आणि अलीकडे साताऱ्यातही शासकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टर घडवण्याची एवढी सामग्री असलेल्या मुलखातही आई आणि बालक यांची शुश्रूषा हा विषय दुय्यम राहावा, याचा अर्थ उणीव पैशाची नसून दृष्टीची आहे.

ही दृष्टी आजची नाही. बाळंतपण हा आपल्या समाजाने विटाळ मानला. दहा दिवस सोयर पाळायचे, बाळंतिणीची खोली वेगळी, तिचे भांडे वेगळे. त्या विटाळात हात घालण्याचे काम ज्यांच्या स्पर्शाचाच विटाळ मानला जाई त्यांच्याकडे सोपवलेले होते. अनेक गावांत मातंग वस्तीतील सुईण वाड्यावरच्या सुनेची सुटका करी, नाळ कापी, वार पुरी. आणि काम झाल्यावर तीच बाई अंगणात दूर उभी राहून पसाभर धान्य आणि जुने लुगडे पदरात घेई. ज्या हातांनी मूल जगात आणले त्या हातांनी त्याच घरच्या पाण्याला शिवायचे नाही, असा हा न्याय होता. डॉ. राममनोहर लोहिया यांनी जात आणि स्त्री-पुरुषभेद या दोन बंधनांनी भारतीय मन जखडले आहे असे सातत्याने मांडले. सुईणीच्या आयुष्यात ही दोन्ही बंधने एकाच गाठीत आवळलेली दिसतात. पुढे तिची जागा पांढऱ्या साडीतल्या परिचारिकेने घेतली. विद्या बदलली, साधने बदलली, तरी रक्त, मळ आणि वेणा यांच्याशी संबंध असलेले काम हलके, ही समजूत मात्र शाबूत राहिली. आता ती वेतनश्रेणीत आणि कंत्राटाच्या कागदात वस्तीला आली आहे.

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो सातारा जिल्ह्यातल्याच एका कन्येने. खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. मुलींची शाळा काढणाऱ्या म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. परंतु १८६३ साली पुण्यात जोतिरावांसह त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, त्याचा विचार प्रसूतिसेवेच्या अंगाने फारसा होत नाही. फसवल्या गेलेल्या विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा सोडून जावे, तिला कोणी दोष देणार नाही, अशी ती व्यवस्था होती. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यासाठी रोगी गोळा करून आणताना सावित्रीबाईंनी प्लेगग्रस्त दलित मुलाला पाठीवर घेतले, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. शुश्रूषा म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचे काम नव्हे, ती माणूस म्हणून दुसऱ्याच्या जिवाची घेतलेली जबाबदारी आहे, याचा याहून लखलखीत दाखला महाराष्ट्रात नाही. त्याच दशकात, १८९४ साली, मिरजेत प्रेसबिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय उभे केले आणि त्याच्या आश्रयाने परिचारिकांचे शिक्षणही या भागात रुजले. दक्षिण महाराष्ट्रातील किती घरांत सुखरूप बाळंतपण झाले ते त्या शिक्षणामुळे, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने गावोगाव प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे विणण्याचा आराखडा मांडला. त्या जाळ्याची शेवटची गाठ म्हणजे उपकेंद्रातील सहायक परिचारिका-प्रसाविका. गावकऱ्यांच्या भाषेत सिस्टर. मैदानी भागात पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हे प्रमाण ठरले. कल्पना उत्तम होती. परंतु शासनाने या बाईला आईची सोबतीण होऊ देण्याऐवजी आपली वसुली कारकून केले. कुटुंबनियोजनाच्या ‘केसेस’ किती आणल्या, यावर तिची नोकरी तोलली जाऊ लागली. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करण्यापर्यंत मजल मारली. ते विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा होऊ शकले नाही, तरी गावात सिस्टरची पावले वाजली की बायका मागच्या दाराने रानात निघून जात, एवढी दहशत त्या काळाने मागे ठेवली. उद्दिष्टांची ही पद्धत १९९६ साली अधिकृतपणे मागे घेण्यात आली. तोवर विश्वासाचे जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले होते.

विश्वास तुटला की काय होते, हे या दोन जिल्ह्यांनी भोगले आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे सांगलीत ८५१ आणि साताऱ्यात ८७८ मुली उरल्या होत्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, तरीही हे घडले. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात पावणेतीनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, कारण त्यांच्या घरच्यांनी त्यांचे नाव ‘नकुशी’ ठेवले होते. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि त्या तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. सोनोग्राफीचे यंत्र कोठे आहे हे त्या घरांना माहीत होते. सासूला, नवऱ्याला चार गोष्टी समजावून सांगेल, आणि गरोदर बाईला एकटीला गाठून तिच्या मनातले विचारील, असे विश्वासाचे माणूस मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. कायद्याचा बडगा आवश्यकच आहे. पण तो घरात शिरत नाही. घरात शिरते ती परिचारिका, आणि तिला शासनाने रजिस्टरे भरण्यास बसवले आहे.

परिचारिका नेमके काय करते, हे सत्ताधाऱ्यांना एकदा समजावून सांगणे प्राप्त आहे. बाळंतपणातले बरेच मृत्यू वार पडल्यानंतरच्या रक्तस्रावाने होतात आणि हा स्राव सुरू झाल्यावर दोन तासांतही बाई हाती लागत नाही. तो टाळण्यासाठी मूल जन्मताच मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यावे लागते. गर्भाशय आवळले की नाही, ते पोटावर हात ठेवून पुन्हा पुन्हा पाहावे लागते. किती कापड भिजले याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे लागते. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास द्यावा लागतो, ओले अंग पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवावे लागते, तासाभरात अंगावर पाजवावे लागते. चीक टाकून द्या म्हणणाऱ्या आजीला न दुखावता पटवावे लागते. यांतले एकही काम मोठ्या यंत्राचे नाही. ते जाणत्या हातांचे आणि जागत्या डोळ्यांचे काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत खेड्यातल्याच बायांना नवजात बाळाची घरगुती काळजी शिकवली, तेव्हा तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरच्या कार्यक्रमाचा पाया बनले. शिकलेली, विश्वासाची बाई उशाशी असली की बाळ जगते, हे सिद्ध करायचे आता उरलेले नाही.

आता साधा हिशेब पाहावा. प्रसूतिकक्ष चोवीस तास उघडा ठेवायचा तर दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. एक परिचारिका आठवड्याला सहा पाळ्या करील. म्हणजे रजा, आजारपण, प्रशिक्षण काहीही न धरता एका खुर्चीमागे साडेतीन परिचारिका लागतात. माणसांना माणसे समजून रजा धरल्या तर किमान चार. जेथे दोघींवर कारभार ढकलला जातो तेथे रात्री एकटी बाई वेणा देणारीजवळ, नुकत्याच बाळंत झालेलीजवळ आणि धाप लागलेल्या अर्भकाजवळ अशी तिन्हीकडे धावत असते. तिघींपैकी कोणाच्या उशाशी तिने थांबावे, याचा निर्णय ती पाय दमल्यावर घेते. आणि काही विपरीत घडले की चौकशी होते तीही तिचीच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके दगावली. पुढे पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर. कर्तव्यात कसूर झाली असेल तर तिचा निवाडा न्यायालय करील. परंतु अग्निसुरक्षा, विजेची जोडणी, मनुष्यबळ यांचे निर्णय ज्या दालनांत होतात, त्यांच्या दाराशी पोलीस क्वचितच पोहोचतात. अधिकार वरच्यांचे आणि अपराध खालच्यांचा, ही आपल्या कारभाराची जुनीच रीत आहे.

मनुष्यबळाचा हा तुटवडा सर्वांना सारखा भोवत नाही. कराड वा सांगली शहरातल्या सुस्थित कुटुंबाला खासगी रुग्णालय आहे. तेथे प्रश्न वेगळा असतो: गरज नसता पोट कापले जाते की काय, आणि पांढरा डगला घातलेली जी मुलगी ‘सिस्टर’ म्हणून वावरते तिने परिचर्येचे शिक्षण घेतले आहे की नाही. परंतु कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या बाईला या दोन्ही शंका घेण्याचीही ऐपत नाही. धरणाने वाटा बुडवल्या. महाराष्ट्राला वीज मिळाली आणि त्या खोऱ्यातल्या गर्भार बायांच्या वाट्याला लाँच, तराफा आणि डोली आली. तीन हजारांमागे एक उपकेंद्र, हे प्रमाण डोकी मोजते. मध्ये पसरलेले पाणी, घाट आणि आषाढातला पाऊस मोजत नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी टापूंतही असेच आहे. वस्त्या विखुरलेल्या, मेंढपाळ कुटुंबे मेंढरांमागे महिनोन् महिने परमुलखात आणि मुलांच्या लसी कोणत्या गावच्या वहीत लिहायच्या हे कोणालाच ठाऊक नाही. त्यात पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली चाल. सासरच्या उपकेंद्रात नाव घातलेली लेक सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. एका सिस्टरच्या वहीतून ती गळते आणि दुसरीच्या वहीत शिरेपर्यंत दिवस भरत येतात. पाटण-जावळीतल्या कित्येक घरांतील कर्ता पुरुष मुंबईत माथाडीचे काम करतो. तेथे निर्णय सासूचा, पैसा मनीऑर्डरच्या काळापासून मुंबईचा आणि जीव मात्र एकटीचा. कुटुंबाची ही घडी ज्या परिचारिकेला ठाऊक आहे तीच योग्य वेळी योग्य घराची कडी वाजवू शकते. दर अकरा महिन्यांनी नेमणुकीच्या कागदाची वाट पाहणाऱ्या बाईला ती घडी ठाऊक व्हावी कशी?

आणि सर्वांत लाजिरवाणी कथा आहे ती उसाच्या फडातली. दिवाळी सरली की बीड, अहिल्यानगर आणि खुद्द जतसारख्या भागांतून हजारो कुटुंबे कृष्णाकाठी उतरतात. मुकादमाची उचल घेतलेला नवरा-बायकोचा जोड म्हणजे एक ‘कोयता’. माणसांची ही मोजणीच पुरेशी बोलकी आहे. एक दिवस काम बुडले की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. म्हणून गरोदर बाई नवव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरते, कोपीत बाळंत होते आणि बाळंतपणाचा विसावा संपण्यापूर्वीच पुन्हा फडात उभी राहते. पाळी हीसुद्धा खाडा ठरते. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेण्यात आली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ही केवळ बीडची गोष्ट मानून सातारा-सांगलीने हात झटकू नयेत. त्या बायांचे श्रम कोणाच्या गव्हाणीत पडले? सव्वीस आठवड्यांच्या प्रसूतिरजेचा कायदा २०१७ पासून आहे, पण तो मोळी वाहणारीपर्यंत पोहोचत नाही. दारिद्र्यरेषेखालील ग्रामीण बाळंतिणीसाठी जननी सुरक्षा योजनेने ठरवलेली रक्कम आहे सातशे रुपये. फडात आठवड्यातून एकदा तरी परिचारिका यावी, गरोदर बायांचे रक्त तपासावे, मुलांना लस टोचावी, यासाठी शास्त्रज्ञांची समिती बसवण्याची गरज नाही. कारखान्याच्या एका जीपची आणि एका ठरावाची गरज आहे.

अशा कामासाठी परिचारिका मिळत नाहीत, मिळाल्या तर खेड्यात राहत नाहीत, असे उत्तर ठरलेले आहे. १९८३ साली सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावरील व्यावसायिक शिक्षणाचा दरवाजा उघडला गेला. त्या वाटेवर पुढे परिचर्येची खासगी विद्यालयेही आली. अल्पभूधारकाची, भूमिहीनाची मुलगी जमीन गहाण ठेवून, दागिना मोडून हे शिक्षण घेते. म्हणजे शिकलेल्या मुली आहेत. नाहीत त्या कायम जागा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा-दहा वर्षे कंत्राटावर राबणाऱ्यांना सामावून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ च्या मार्चमध्ये काढला आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून त्याच कर्मचाऱ्यांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा संपावर जावे लागले. त्यापूर्वी २०२२ च्या मे महिन्यात शासकीय परिचारिकांनी भरती बाह्य ठेकेदारांकडे सोपवण्याविरुद्ध काम बंद ठेवले होते. रुग्णांना वेठीस धरल्याचा आरोप अशा वेळी हमखास होतो. वर्षानुवर्षे जागा रिकाम्या ठेवून रुग्णांना वेठीस कोणी धरले, हे विचारण्याची वेळ आली आहे. आणि खेड्यात राहण्याविषयी म्हणावे, तर ज्या निवासाचे छप्पर गळते, दाराला कडी नाही, रात्री दारू पिऊन येणाऱ्याला अडवायला कोणी नाही, तेथे एकट्या बाईने राहावे अशी अपेक्षा करणाऱ्यांनी आपल्या लेकीसुनांना एक पावसाळा तेथे ठेवून पाहावे.

उरला पैशाचा प्रश्न. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे वचन दिले आणि त्यासाठी २०२५ ही मुदत घातली. मुदत उलटली, वचन राहिले. दरम्यान इमारती उभ्या राहतात, कारण इमारतीला कोनशिला लागते आणि कोनशिलेवर नाव कोरता येते. परिचारिकेच्या पगारावर कोणाचे नाव कोरता येत नाही. बांधकामाला ठेकेदार असतो, शुश्रूषेला नसतो; म्हणून अंदाजपत्रकात खाटा वाढतात आणि खाटेशेजारचे स्टूल रिकामे राहते.

या दोन जिल्ह्यांपुरत्या मागण्या मोजक्या आणि स्पष्ट आहेत. जेथे बाळंतपणे होतात अशा प्रत्येक आरोग्य केंद्रात प्रसूतिकक्षासाठी किमान चार प्रशिक्षित परिचारिका कायम नेमणुकीने असाव्यात. कांदाटी, जावळी, पाटण, शिराळा या डोंगरी आणि जत, माण, आटपाडी या विरळ वस्तीच्या भागांत उपकेंद्राचे प्रमाण लोकसंख्येवर न ठरवता पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेवर ठरवावे. प्रत्येक साखर कारखान्याने हंगामभर फडावर परिचारिकेचे फिरते पथक चालवावे आणि बाळंतपणापूर्वी व नंतर ऊसतोड बाईला खाड्याविना, मजुरीसह विश्रांती द्यावी. हे न करणाऱ्या कारखान्यास गाळप परवाना देऊ नये. कंत्राटी परिचारिकांना सेवेत घेण्याचा निर्णय कागदावरून आस्थापनेवर यावा. आणि परिचारिकेच्या हातातील अनावश्यक रजिस्टरे काढून घेऊन, सुलभ प्रसूतीची जबाबदारी व तिचे अधिकार तिला द्यावेत. या मागण्यांसाठी परिचारिकांच्या संघटनेने एकटीने झगडावे हे योग्य नाही. शेतमजूर, ऊसतोड कामगार, माथाडी आणि शेतकरी यांच्या संघटनांनी ही लढाई आपली मानली पाहिजे, कारण उशाशी कोणी नसताना जी बाई दगावते ती यांच्याच घरची असते.

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचा लेख लिहून जाते, असे आपल्याकडे मानतात. कागद, लेखणी आणि दिवा मांडून घरातली माणसे तिची वाट पाहतात. ज्या मुलखाने प्रतिसरकार चालवले, त्याने हा लेख देवीवर सोपवून स्वस्थ बसू नये. कांदाटीच्या आणि फडातल्या बाळाचा लेख पाचवीच्या कितीतरी आधी मुंबईत अंदाजपत्रकाच्या पानांवर लिहिला जातो. तो माणसांनी लिहिलेला आहे आणि माणसांना तो खोडता येतो.